नीरा आली का?

आई जपानी शिकली पुण्यात, आणि लग्नाआधी शिष्यवृत्ती मिळवून जपानला राहूनही आली. तेव्हा नात्यातल्यांनी भरपूर नाकं मुरडली. एकटी पोरगी, परका देश, आणि परत येऊन करणार काय, तर म्हणे जपानी शिकवणार. तिने तेच केलं. दिवसा कारखान्यांत दुभाषी, संध्याकाळी घरी शिकवणी. मी तिची एकुलती एक मुलगी, आणि मला जपानीचं एक वाक्य बोलता येत नाही. हे आपोआप झालेलं नाही, मी ठरवून शिकले नाही. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या परक्या मुलांशी आई ज्या भाषेत खळखळून हसायची, त्या भाषेत ती माझ्याशी कधी हसली नाही, आणि मी भारी मानी होते. शाळेत जर्मन घेतलं, पुढे फार्मसी केली, एका डॉक्टरशी लग्न केलं आणि वेल्समध्ये कार्डिफला आले. इथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

थोडीफार भाज्यांची नावं मात्र कानावर पडून राहिली. "मी तिथे आधी पालेभाज्या शिकले, क्रियापदं नंतर," असं आई सांगायची. शाकाहारी मुलीला त्या देशात पोट भरायचं तर दुसरा इलाजच नव्हता. ओसाकाजवळ ज्या विधवा बाईंच्या घरी ती राहायची, त्या बाई रोज हातात एक पाला द्यायच्या आणि नाव म्हणायला लावायच्या. नाव बरोबर आलं की तो पाला शिजायचा. होरेन्सो म्हणजे पालक. शुंगिकु म्हणजे शेवंतीचा पाला, तो तिकडे चक्क खातात. पुढे मंडईत मेथी निवडताना आई ही नावं पुटपुटत राहायची आणि भाजीवाल्या तिच्याकडे बघत बसायच्या. मी चार पावलं मागे थांबायचे, ही बाई कोण मला ठाऊक नाही अशा चेहऱ्याने.

बाबा गेल्यावर आम्ही तिला इकडे आणलं. त्या व्हिसाच्या खटपटीने आमचं किती रक्त आटवलं ते जाऊ दे. ती आली, रुळली, समोरच्या खोलीतल्या, रस्त्याकडे पुढे आलेल्या खिडकीत, बे विंडोत, खुर्ची टाकून बसू लागली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. "हो", "नको", "अगं बाई" हे राहिलं. वाक्याचा सूर राहिला, त्यातले शब्द मात्र उडाले. चमच्याला ती "ते हे" म्हणायची, औषधालाही "ते हे". स्पीच थेरपिस्ट म्हणाली की नामं अशीच जातात, पाठ केलेलं मात्र बऱ्याचदा टिकतं, आकडे, वार, आरत्या. खरंच, आई सोमवार ते रविवार घडाघडा म्हणायची. माझं नाव मात्र तिला येईना. माझ्याकडे बघून ओळखीचं हसायची आणि म्हणायची, "ही."

पहिल्या वसंतात मी तिला व्हीलचेअरमधून टॅफ नदीच्या काठच्या पार्कात नेत असे. झाडांखाली जंगली लसूण मातलेला होता आणि त्याचा वास सगळीकडे भरला होता. आईने एकदम मान वर केली.

"नीरा," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी खुर्ची तिथेच थांबवली. कित्येक आठवड्यांत आलेलं ते पहिलं अस्सल नाम. "नीरा प्यायचीय? अगं, इथे कुठली ताडाची नीरा," मी हसत म्हटलं, आणि घरी जाताना सुपरमार्केटमधून शहाळ्याच्या पाण्याचा डबा घेतला. दुधाची तहान ताकावर. तिने एक घोट घेतला आणि तोंड मिटून घेतलं. मग मला वाटलं, नदी बघून नदी आठवली असेल. तिचं आजोळ नीरेच्या काठचं. टॅबवर नीरेचे फोटो काढून दाखवले. तिने नम्रपणे पाहिले, पाहुण्यांचे लग्नाचे अल्बम बघतात तसे, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून तो शब्द तिला चिकटला. दुपारचं ऊन समोरच्या घरांमागे गेलं की ती खिडकीतून रस्त्याकडे बघत विचारायची, "नीरा आली?" मी "येईल हं" म्हणायचे, जसं आपण लहान मुलांना म्हणतो.

माझी मुलगी लंडनमध्ये हॅरोला राहते, रविवारी व्हिडिओ कॉल करते. एका रविवारी आजीशी बोलून झाल्यावर तिने मला विचारलं, "आई, हू इज नीरा?"

"का गं?"

"आजी मला सारखा विचारतो, नीरा आली का, नीरा आली का. इज शी युअर फ्रेंड ऑर समथिंग?"

पोरीला लिंगाचा पत्ता नाही, आजी कायम "विचारतो". नीरा नावाचं पेय असतं, नदी असते, हेही तिला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तिला जे सरळ ऐकू आलं तेच तिने धरलं: हे कुणा बाईचं नाव आहे, आणि आजी तिची वाट बघते आहे. मी घाईने कॉल संपवला. कारण अशी एकजण होती.

हे मला आईने कधीच सांगितलं नव्हतं. मावशीने सांगितलं, मी बाळंतपणाला पुण्याला गेले होते तेव्हा, डिंकाचे लाडू वळता वळता. "तुझ्याआधी एक झाली होती हो. गोरी, नाकेली. बारशाच्या आदल्या दिवशी गेली." पाळणा आणून ठेवलेला होता म्हणे, पाहुणे गावाहून निघाले होते. मी विचारलं, नाव काय होतं तिचं? मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, बारशाआधी गेली म्हटलं ना. नाव कुठलं?" आणि आईसमोर हे काढू नकोस असं बजावून ती लाडू वळत राहिली. मी काढलं नाही. मावशी आता नाही, बाबा नाहीत, आणि ज्या एका माणसाला विचारता आलं असतं त्या माणसाजवळ शब्द नव्हते.

म्हणजे नाव होतं तर. बारसं झालं नसेल, पण आईने मनात ठेवलं असेल. नीरा. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते एकदा मोठ्याने उच्चारलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, इट्स परसेव्हरेशन. स्ट्रोकनंतर होतं असं. ब्रेन एका वर्डवर अडकून बसतो. त्यात मीनिंग शोधू नकोस." तो तीस वर्षं वॉर्डात काढलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीचं नाव येतं आणि नाव आलं की त्याचं काम संपतं. पण पुढच्याच आठवड्यात आईने नीरेला एक विशेषण जोडलं, आणि त्याचं हे नाव पुरेना.

"नीरा. निळी," आई म्हणाली. डाव्या हाताची बोटं चोळत, जणू काही चाचपत. "निळी निळी."

रात्री जेवताना नवरा बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, "तुझी ती बहीण. किती दिवसांची गेली?"

"बारशाच्या आदल्या दिवशी."

"ब्ल्यू बेबी असेल. हार्टचा डिफेक्ट. पहिले काही दिवस ठीक वाटतात, मग हार्टजवळचा डक्ट बंद होतो आणि मूल निळं पडतं. तेव्हा पुण्यात काही करता आलं नसतं." त्याने हे अगदी मऊ आवाजात सांगितलं, नातेवाइकांना सांगतात तसं. मी ताटावरून उठले.

त्यानंतरचा उन्हाळा आणि पानगळीचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. माझी बहीण घरात राहायला आली. मी तिला डोळ्यांनी पाहिलं असं म्हणत नाही, मी फार्मसिस्ट आहे, मला गोळ्यांचेही भास होत नाहीत. पण जिन्याच्या वळणावर मी अंग चोरून चढू लागले, कोणाला तरी वाट द्यावी तसं. बे विंडोच्या काचेत दिवेलागणीला आईच्या खुर्चीमागे माझं प्रतिबिंब पडायचं, आणि मला वाटायचं ती मी नव्हे. माझ्याहून जरा उंच. केस माझ्याआधी पिकलेले. तिला जपानी येत असणार, याची मला खात्री होती. ती शहाण्यासारखी सतरंजीवर बसून शिकली असती.

आणि आईचे शब्द येतच होते, एखाददुसरा, दिवसाआड. "कापली." मग, "कात्री." काय कापलं, आई? नाळ? की हॉस्पिटलात त्या पोरीला कुणी चिरलं होतं? मी तिच्या गुडघ्यांशी बसून विचारायचे आणि ती माझ्या चेहऱ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. एकदा तिने माझं मनगट धरलं आणि जोर लावून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "कापली. तरी. परत येते."

त्या रात्री मी आईच्या खोलीतला दिवा मालवला नाही.

भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला राग येत होता. मला नाव होतं. थाटात बारसं झालं होतं माझं, फोटो आहेत. ते नाव आई विसरली. आणि जिला नावच नव्हतं, तिला ती रोज दुपारी हाक मारत होती. मी तिला न्हाऊमाखू घालायचे, घास भरवायचे, कुशी बदलायचे, आणि मी कोण, तर "ही". पन्नाशी उलटलेल्या बाईने दहा दिवसांच्या पोरीचा मत्सर करावा याची लाज वाटायची, पण म्हणून मत्सर कमी होत नव्हता.

हिवाळ्यात आईला आणखी एक छोटा झटका आला. त्यानंतर वारही अर्धे गेले, बुधवारच्या पुढे गाडी जाईना. थेरपिस्टने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता जे आहे तेही हळूहळू कमी होत जाईल. मी ऐकून घेतलं. मनात एवढंच होतं की उरलेले शब्द संपायच्या आत आई कोणाला बोलावते आहे, ते मला तिच्या तोंडून कळायला हवं. ते कळलं नाही तर ती जाईल आणि ती दुसरी माझ्याकडे राहील, नावाची की बिननावाची हेही न समजता.

थेरपिस्टने जाता जाता विचारलं, त्यांना अजून कुठली भाषा येत होती का? कधीकधी एक भाषा बुडते आणि दुसरी तरंगते.

"जपानी," मी म्हटलं. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती वर्षभर कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक जपानी बाई आहेत. माझ्याच वयाच्या, एका वेल्श माणसाशी लग्न करून इथेच मुरलेल्या, इंग्रजी बोलतात ते वेल्श हेल काढून. रविवारी त्या घरी आल्या. बूट काढले, आईच्या खुर्चीसमोर गालिच्यावर गुडघे टेकून बसल्या आणि वाकून काहीतरी बोलल्या.

आईचा चेहरा उजळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. तिने मान लववली, एका बाजूला वाकड्या झालेल्या ओठांनी उत्तर दिलं, तुटक, पण उत्तर. त्या बाई हसल्या. आई हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि मला पुन्हा तसंच वाटलं, आठ वर्षांची असताना बाहेरच्या खोलीच्या दारात वाटायचं तसं. मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि पुन्हा उचलला.

मग आईने खिडकीकडे बघून तो शब्द म्हटला. जपानी बाई सावरून बसल्या, त्यांनी काही विचारलं. आई बोलली. पुन्हा विचारलं. आईने डाव्या हाताच्या दोन बोटांची कात्री करून दाखवली. जपानी बाई खूश होऊन माझ्याकडे वळल्या.

"त्यांना निरा हवी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"कोण?" मी विचारलं.

"कोण नाही हो, भाजी. निरा. आमची पालेभाजी आहे. चपटी लांब पानं, वास लसणीचा. त्या सांगतायत, त्यांच्या घरमालकीणबाईंनी मागच्या दाराशी मासळीच्या लाकडी खोक्यात लावली होती. कात्रीने कापायची. कापली तरी परत येते."

मी ट्रे खाली ठेवला. ऱ्हस्व निरा. आमच्या कानाला नीरा नदी आणि निरा भाजी यांत फरक करता येत नाही, आणि स्ट्रोकने आईचे ऱ्हस्वदीर्घ केव्हाच पुसून टाकले होते.

"पण ती निळी म्हणते," मी म्हटलं. "सारखी. निळी निळी."

"आओइ!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "आमच्यात आओ म्हणजे निळं आणि आओ म्हणजे हिरवंही. आकाश आओ, पालेभाजी आओना, निळा पाला. सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा आमच्याकडे निळाच. त्यांनी मनात आओइ म्हटलं असेल आणि तुमच्या भाषेत आणताना डबा चुकला." मग म्हणाल्या, "माझा नवरा काही हसत नाही मला. वेल्शमध्ये निळ्याला ग्लास म्हणतात आणि गवताला ग्लासवेल्ट. निळं गवत. आमचं तेवढ्यावरच जमलं."

आणि मला आठवलं, लहानपणी रिक्षात बसलेलो असताना चौकात दिवा बदलला की आई रिक्षावाल्याला म्हणायची, "चला, निळा झाला," आणि बाबा तिची थट्टा करायचे. मी ते ऐकत मोठी झाले होते. बाहेरच्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला आईने डोक्यात निळी चिठ्ठी लावून ठेवली होती, आणि मी तिच्या डोळ्यांची तपासणी केली, तिच्या मेंदूची तपासणी केली, माझ्या बहिणीच्या हृदयाला भोक पाडलं.

त्या बाई गेल्यावर मी जिन्यात बसून हसले. हसता हसता रडले. नवऱ्याने येऊन विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे वर्षभर तू एका पालेभाजीला घाबरलीस," तो म्हणाला. चेष्टेनेच म्हणाला, पण मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. ब्ल्यू बेबी कोणी काढलं होतं?

घर हलकं झालं. जिन्यावर मी ऐसपैस चढू लागले. काचेत मला मीच दिसू लागले, माझेच केस, माझीच हनुवटी. जे हवं होतं ते झालं होतं, आणि तरी मला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. एवढे महिने त्या पोरीला मी नाव देऊन वाढवलं होतं, पन्नाशीपर्यंत आणलं होतं. आता ती पुन्हा बारशाच्या आदल्या दिवशीची झाली. आईला तिची आठवण होती असा कुठलाच पुरावा राहिला नाही. आईला एका खोक्यातला पाला आठवत होता, आणि तिला मूल आठवत असेल असं मी माझ्या पदरचं जोडलं होतं. मला बहिणीची दया आली. तिचं या जगात मावशीच्या एका वाक्यापलीकडे काहीच नव्हतं.

आईचं "निरा आली?" चालूच होतं, आता अगदी क्षीण, ओठांच्या हालचालीवरून ओळखावं लागे. निदान एवढं तरी आपल्याला करता येईल, म्हणून शनिवारी मी सिटी रोडवरच्या चिनी किराणा दुकानात गेले. तिथे मिळते, असं जपानी बाईंनी सांगितलं होतं. रबरबँड लावलेली जुडी, लांब चपटी पानं, गर्द हिरवी. वास असा उग्र की बसमध्ये शेजारच्या बाई उठून पुढे जाऊन बसल्या. पीठ पेरून करायची, लसणीच्या पातीची करतात तशी, असं मी मनाशी ठरवलं होतं. दाणे नकोत, आईला ठसका लागतो. मऊ शिजवून दोन घास भरवू.

आई खिडकीशी होती. मी कोटही काढला नाही. जुडी तिच्या मांडीवर ठेवली.

"आई, बघ. निरा आली."

तिने खाली पाहिलं. डाव्या हाताने जुडी उचलून नाकाशी नेली, आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. तिचा उजवा हात स्ट्रोकपासून कोपरात वाकून छातीशी आवळलेला असतो, फिजिओने किती खटपट केली तरी उघडत नाही. त्या वाकलेल्या हातात तिने जुडी आडवी ठेवली. घसरली, तेव्हा पुन्हा नीट ठेवली. मग शालीचं टोक ओढून पानांवर घेतलं.

"दे इकडे, चिरते," मी म्हटलं.

तिने अंग वळवलं आणि जुडी माझ्यापासून लांब केली. त्या अर्ध्या शरीरात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. मग तिने मान खाली घातली, तोंड पानांच्या अगदी जवळ नेलं आणि त्यांच्याशी काहीतरी पुटपुटली, मला ऐकू येणार नाही असं. आणि मान वर करून, स्पष्ट, पहिल्या झटक्याच्या आधीच्या तिच्या शिकवणीच्या आवाजात म्हणाली, "कुर्रर्र."

मी खाली बसले, गालिच्यावर, कोटासकट.

हे पाठ केलेलं असतं. आपल्यात प्रत्येक बाईने पाळण्याशी उभं राहून ते ऐकलेलं असतं, बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि वर कुर्रर्र करायचं. मला आधी कळायला हवं होतं. तिला भाजी खायची नव्हती. त्या पोरीसाठी तिने नाव ठरवून ठेवलं होतं, आणि ते भाजीचंच होतं. सासरच्यांना सांगायला नदी, म्हणजे कोणी नाक मुरडणार नाही. आणि तिच्या स्वतःपुरती ती दाराशी लावलेली, कापली तरी परत येणारी. एवढं सुंदर नाव एका दिवसाने राहून गेलं, आणि ते तिने कोणाला, मलासुद्धा, दिलं नाही. मला दुसरं दिलं. ते तिला आठवेना याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

आई माझ्याकडे बघत होती, काहीतरी राहिलंय अशी. डोळ्यांनी मला जवळ बोलावत होती. काय राहिलंय ते माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. नाव सांगणाऱ्या बाईच्या पाठीत जमलेल्या बायका धपाटे घालतात. बायका जमलेल्या नव्हत्या, मी एकटीच होते. मी उठले, खुर्चीच्या मागे गेले आणि आईच्या वाळलेल्या पाठीत धपाटा घातला, हलकाच. मग आणखी एक घातला.